घरचं मीठ

हैदराबाद
१२ नोव्हेंबर १९४४

तीर्थस्वरूप रामराव मामा,

धर्मराजचा साष्टांग नमस्कार. मामींना आणि मायला नमस्कार सांगावा.

मामा, तुमच्यासाठी एक काम आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डात वाटूरचा एक म्हातारा आला, नाव कडूबा. छाती धरून बसलेला. आमच्यातल्या एका डॉक्टरने उर्दूत विचारलं, "ख़फ़क़ान होता है?" म्हाताऱ्याने हात जोडून मान डोलावली. "वजा-उल-क़ल्ब?" पुन्हा मान डोलावली. असे सात-आठ रोग त्याने कबूल केले. मग मी जवळ जाऊन मराठीत विचारलं, "बाबा, नेमकं काय होतंय?" तर म्हणाला, "मला काय ठाव? पर एवढे मोठे साहेब विचारून राह्यले, त्यान्ला न्हाई कसं म्हणावं?" नशीब, औषध देण्याआधीच हे कळलं.

आमचे मोठे डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "धर्मराज, मराठवाड्याचे इतके रोगी येतात. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांची एक छोटी मराठी पुस्तिका कर. कंपाउंडरला वाचता यावी, रोग्याला ऐकून कळावी." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. रात्री लिहायला बसलो आणि पंचाईत झाली. सगळं वैद्यक मी उर्दूत शिकलो. हृदय म्हटलं की माझ्या डोक्यात क़ल्ब येतं, रोहिणीच्या आधी शिरयान येतं. मराठीत सांगायला गेलो की जीभ लंगडते.

लंगडणारी जीभ सरळ करणं हे तर तुमचं जन्माचं काम. सोबत पहिले काही शब्द पाठवतो: हृदय धडधडणं, छातीतली कळ, रक्ताचा जोर, रक्ताची गुठळी, रोहिणी कडक होणं, आणि हृदयातली ती पडद्यासारखी दारं, जी रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. यांना नावं द्या.

माय कशी आहे? तिच्याबद्दल चार ओळी जास्त लिहा.

आपला,
धर्मराज


पिंपळगाव रेणुकाई
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८६६

चिरंजीव धर्मराज यास रामराव मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी पंधरा वर्षांनी लहान झालो. शाळेची ती पत्र्याची खोली, तेलकट फळा, आणि चाळीस पोरं एका सुरात आर्या म्हणतायत, असं सगळं पुन्हा कानात वाजलं. तू तिसऱ्या रांगेत बसायचास. यमक आलं की डोळे मिटायचास. ज्या पोराला यमक कळतं त्याला नाडी कळणारच, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

काम घेतलं. निश्चिंत रहा. मराठीला शब्द कमी पडतील असा रोग अजून जन्मला नाही.

माझी पद्धत सांगतो. संध्याकाळी जेवणं झाली की मी ओट्यावर कंदील घेऊन बसतो आणि तुझं लिखाण मोठ्याने वाचतो, शाळेत वाचायचो तसं. तुझी मामी ज्वारी निवडत असते, तुझी माय दुर्गा वाती वळत असते. ज्या शब्दावर मामी "म्हंजे काय?" विचारते, तो नापास.

पहिला निकाल ऐक. मी म्हटलं, "हृत्स्पंदनाधिक्य." मामी म्हणाली, "कुणाच्या लग्नाची पत्रिका हाय का?" तेव्हा तिथे "धडधड" लिही. "हृदयशूल" तिला पटला, कारण पोटशूळ तिच्या माहितीचा आहे. रक्ताच्या जोराला "रक्तदाब" म्हण. मी तिला मोटेचा दाखला दिला: बैल जोरात हाकले तर मोट जिथे रिती होते ते थारोळं फुटायला होतं, हळू हाकले तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. ती म्हणाली, "हे बराबर." गुठळीला गुठळीच. "रोहिणीकाठिण्य" मात्र माझ्यासाठी ठेव, हात जोडून सांगतो. रोहिणी हा शब्द उच्चारला की मला आभाळ दिसतं. मामी खुशाल म्हणो, "कोण ही रोहिणी? कुणाची पोर?" शहाणी माणसं समजून घेतील.

हृदयातल्या दारांना "झडप" म्हण. मी "कपाट" आणि "कवाड" दोन्ही वाचून पाहिले. झडप जिंकली, कारण ती आपोआप मिटते.

आता तुझ्या मायविषयी. तुला आनंद वाटेल असंच लिहितो. दुर्गा भरली आहे. इतकी वर्षं काडीसारखी होती, आता अंगावर तेज आलं. पाय असे भरले की वहाणा दाटायला लागल्या. चांभाराकडून सैल करून आणल्या. कामाची घाई सोडली. विहिरीवरून येताना मध्ये दोनदा थांबून शेताकडे बघत उभी राहते. मी म्हटलं, पोरगं डॉक्टर झालं, आता कुठे तिला जग बघायची सवड मिळाली! आणि देवाची ओढ तर अशी लागली की अंथरुणाला पाठ लावत नाही. केव्हाही पाहा, कणगीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मी एक ओवी केली आहे:

गाव निजले, जागी एकली। कणगीस पाठ टेकली।
नामात ऐसी रंगली। बाई दुर्गा॥

शेवटचा चरण अजून घासायचा आहे. कळावे.

तुझा मामा,
रामराव


हैदराबाद
३ डिसेंबर १९४४

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार.

तुमचे शब्द आमच्या मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवले. त्यांना मराठी फारसं येत नाही, पण "धडधड" ऐकताच छातीवर हात ठेवून म्हणाले, "यह तो ख़ुद बोलता है!" रोहिणीकाठिण्य ठेवतो, तुमच्या आभाळाखातर. मामींना सांगा, त्यांचं नाव पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घालणार आहे.

माय भरली हे वाचून फार बरं वाटलं. तिने अर्ध्या भाकरीवर दिवस काढलेले मी पाहिले आहेत. तुमची ओवी मी वॉर्डात गुणगुणत होतो.

आता सर्वांत अवघड प्रकरण. हृदय एकदम बंद पडत नाही, पण थकत जातं, त्या अवस्थेला मराठी नाव हवं. वर्णन मी लिहिलं आहे, ते असं:

"या रोगात आधी चढ चढताना, पुढे सपाटीवर चालतानाही धाप लागते. रोगी मध्येच उभा राहतो. संध्याकाळी पाय सुजतात. नडगीवर अंगठा दाबल्यास खळगा पडतो व काही वेळ तसाच राहतो. सूज पुढे पोटावर व तोंडावर येते. घरच्यांना माणूस धष्टपुष्ट झाल्याचा भास होतो. रोग वाढल्यावर रोगी आडवा झोपू शकत नाही, पडताच जीव गुदमरतो, म्हणून तो टेकून बसून रात्र काढतो. उपाय न झाल्यास असा रोगी वर्ष-दोन वर्षांपलीकडे क्वचित जातो."

भाषा जड झाली का? मामींपुढे वाचून पाहा आणि निकाल कळवा.

आपला,
धर्मराज


पिंपळगाव रेणुकाई
मार्गशीर्ष वद्य ११

चिरंजीव धर्मराज यास आशीर्वाद.

भाषा जड झाली नाही. इतकी सोपी झाली आहे की तिचा एक शब्द बदलू नकोस.

ठरल्याप्रमाणे वाचायला बसलो. "धाप लागते" इथवर मामी ज्वारी निवडत होती. "मध्येच उभा राहतो" म्हटलं आणि दुर्गाचे हात थांबले. मी वाचत गेलो. चाल चांगली लागली होती, तुझी वाक्यं बिनयमकाची असली तरी त्यांना ताल आहे. "टेकून बसून रात्र काढतो" इथे दुर्गा म्हणाली,

"दादा, थांब जरा. हे त्याला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं? रोगाचं वर्णन आहे, पुस्तकातलं."

"मंग पुस्तकाला माझं कसं कळलं?"

मामीच्या हातातलं सूप खाली आलं. दुर्गा म्हणाली, "पुढचं वाच. त्या बाईचं पुढं काय होतंय?"

"बाई नाही, रोगी लिहिलंय."

"तेच. काय होतंय?"

मी मास्तर माणूस. समोर कुणी विचारलं की वाचायची सवय. वाचलं.

तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा वाती वळायला लागली. मग मामी उठली, तिच्यापुढे बसली, लुगड्याचा काठ वर सारून नडगीवर अंगठा दाबला. धर्मा, खळगा पडला. मी कंदील जवळ नेला. भिजल्या मातीत कोंबडीचं पाऊल उमटावं तसा तो खळगा उमटलेला राहिला.

ती नाम घेत नव्हती रे. श्वास घेत होती. जी मला भक्ती दिसली ती धाप होती, आणि जे तेज दिसलं ते पाणी. ओवी मी चुलीत घातली.

तिला हे श्रावणापासून होतं. तुला कळवायचं नाही म्हणून तिने मला रेणुकेची शपथ घातली: "नवी नोकरी हाय, सगळं टाकून येईल पोरगं." शपथ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हे पत्र लिहितो आहे. देवीचं मी बघून घेईन, ती आपल्याच गावची आहे. तू फक्त सांग, काय करायचं. उलट टपाली सांग.

रामराव


हैदराबाद
१७ डिसेंबर १९४४

तीर्थस्वरूप मामा,

शपथ मोडलीत हे फार चांगलं केलंत.

तुम्हाला बोल लावू कसा? "माय भरली, पाय भरले, टेकून बसते" हे तुम्ही मला स्पष्ट लिहिलं होतं. त्याच टेबलावर बसून मी त्याच रोगाचं वर्णन लिहिलं, आणि आपल्या आईचं वर्तमान वाचून खूश झालो. तेव्हा तो हिशेब सोडून देऊ.

मी रजा मागितली. इथले निम्मे डॉक्टर लढाईवर गेले आहेत, रजा फेब्रुवारीच्या आधी मिळत नाही. म्हणून तुम्ही तिला जालन्याला न्या. तिथल्या दवाखान्यातल्या बाई डॉक्टरांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. गावापासून जालन्यापर्यंत पायी एक पाऊलसुद्धा चालू देऊ नका. भोकरदनपर्यंत गाडीत गवत घालून, पाठीला गाठोडं देऊन बसवा, पुढे मोटारीने न्या.

त्या तपासून औषध देतीलच. पण एक गोष्ट औषधाइतकीच मोठी आहे: मीठ बंद. कमी नाही, बंद. चटणी, लोणचं, पापड काही नाही. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. तुमच्याच मोटेच्या भाषेत सांगतो. बैल थकलेला आहे. मोटेत पाणी वाढवत राहिलो तर बैल मरेल. औषध बैलाला बळ देईल, पण ओझं आपणच उतरवायचं आहे.

हे पाळलं तर ती वाचेल. मी डॉक्टर म्हणून लिहितो आहे, मुलगा म्हणून नाही.

धर्मराज


पिंपळगाव रेणुकाई
पौष शुद्ध १२

चिरंजीव धर्मराज यास आशीर्वाद.

फत्ते! जालना करून आलो.

भोकरदनपर्यंत गाडी शेजारच्या पुंजारामने हाकली. दुर्गा म्हणत होती, "म्हातारीला नवरीसारखं कशाला बसवून नेता?" पुंजाराम म्हणाला, "आत्या, नवरीला एवढं गवत कुणी घालत न्हाई." पुढे मोटारीत बदरोद्दीन ड्रायव्हरने तिला पुढची जागा दिली आणि खड्डा आला की आधीच ओरडायचा, "अम्मा, सँभलके!"

बाई डॉक्टर गोऱ्या, पण मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. नळी लावून खूप वेळ ऐकलं. म्हणाल्या, लहानपणी सांध्यांचा ताप आला होता का? आला होता, मला आठवतं. दुर्गा तेव्हा महिनाभर भिंत धरून चालायची. त्या तापाने हृदयाची एक झडप आखडली, ती पुरती उघडत नाही, म्हणून रक्त मागे तुंबतं. बघ, झडप हा शब्द मी घरात बसून निवडला, आणि तोच त्या बाईंच्या तोंडून माझ्या बहिणीसाठी ऐकला.

औषध दिलं, डिजिटॅलिस. विचारलं, हे कशाचं? म्हणाल्या, एका जांभळ्या फुलझाडाच्या पानांचं. मला ऐकूनच धीर आला. ज्या औषधाला फुलं येतात ते लागू पडणारच.

मीठही बंद केलं. मामी चुलीवर दोन भांडी ठेवते: मोठ्यात आमचं, लहानात दुर्गाचं अळणी. दुर्गा तक्रार करत नाही. सगळं ठरल्या चालीत चाललं आहे. पाय अजून तसेच आहेत, पण उतरतील. चिंता करू नकोस. पुस्तिकेचं पुढचं प्रकरण पाठव.

रामराव


हैदराबाद
७ जानेवारी १९४५

तीर्थस्वरूप मामा,

पुढचं प्रकरण नंतर.

बाई डॉक्टरांचं पत्र आलं. आपल्या गावचा लालमियाँ दर आठवड्याला औषध न्यायला येतो, त्याच्याकडून त्यांनी मायची हालहवाल घेतली. त्या लिहितात, तुम्ही मोजून पाठवलेली नाडी सावकाश झाली, म्हणजे औषध लागू पडलं आहे. तरीही सूज हललेली नाही, धाप तशीच आहे. हे जुळत नाही. आत्तापर्यंत पाय अर्धे उतरायला हवे होते.

औषध वाढवता येत नाही; जास्त झालं तर तेच विष होतं. म्हणून तुम्हाला सरळ विचारतो. ती मीठ खाते आहे का? ती तक्रार करत नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि मला त्याचीच भीती वाटते. आपल्या मायने आजवर कधी कशाची तक्रार केली आहे?

शोध घ्या. तिला रागवू नका. पण हे असंच राहिलं तर मी फेब्रुवारीत येऊन काय करणार, हे मला लिहवत नाही.

धर्मराज


पिंपळगाव रेणुकाई
माघ शुद्ध ९

चिरंजीव धर्मराज यास आशीर्वाद.

शांतपणे बसून वाच. शेवट गोड आहे, म्हणून सुरुवातीला घाबरू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दुर्गाला समोर बसवलं.

"दुर्गे, मीठ खातेस?"

"खाते."

असं सरळ! वर्गात एखादं पोर असं कबूल झालं की छडी उचलायचं बळच राहत नाही.

"का?"

"सोनूबाई आल्ती विस्तव न्यायला. चुलीवर दोन भांडी बघितली. म्हणली, 'काय वं झुंबरबाई, नणंदेला वेगळं काढलं जनू?' वैनीचं तोंड एवढंसं झालं. मंग म्या तिच्यासमोर मोठ्या पातेल्यातलं वाढून घेतलं."

"बरं केलंस. पण तो एक दिवस झाला."

"सोनूबाईचा विस्तव रोजच विझतो, दादा."

मी तिला समजावलं. मोट सांगितली, बैल सांगितला, झडप सांगितली. दोन श्लोक म्हटले. ती ऐकत राहिली आणि मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"धर्माचा बाप गेला तवा पोराला काखंला मारून या दारात आले. वैनीनं काय केलं? भाकरीवर मिठाचा खडा ठेवून हातात दिली. म्हणली, आजपसून तुझं माझं मीठ एक. त्या मिठावर पोरगं डॉक्टर झालं. आता म्या म्हणू, तुमच्या चुलीचं मीठ मला नगं? गाव काय म्हणंल? पोराला पगार सुरू झाला अन् भावाचं मीठ तिला खारट लागाया लागलं!"

"गावासाठी मरशील का?"

"गावासाठी न्हाई. वैनीसाठी."

तुला हैदराबादेत राहून विसर पडला असेल, म्हणून सांगतो. आपल्याकडे भाऊ वाटणी मागतात तेव्हा आधी चूल वेगळी होते, मग शेत. अळणी ताट मागून घेणं म्हणजे नातं तोडल्याची दवंडी. औषध कितीही कडू असतं तरी तिने घेतलं असतं. हे मात्र तिला घशाखाली उतरवता येईना. माझ्याकडे त्यावर कविता नव्हती.

मामी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आत निघून गेली. मला वाटलं, रडत असेल. तुझ्या मामीला मी इतक्या वर्षांत ओळखलं नाही, हेच खरं.

संक्रांत झाली आणि तिने हळदीकुंकू काढलं. सगळ्या आळीला बोलावणं. खैरुनबीलासुद्धा तिळगूळ घ्यायला ये म्हणून सांगून आली. मी विचारलं, "वाण काय लुटणार?" म्हणाली, "बघालच." मला वाटलं, आरसे आणले असतील, नाहीतर सुपाऱ्या.

बायका जमल्या. हळद-कुंकू झालं, तिळगूळ झाला. मग मामीने आतून मिठाचं मडकं आणलं. आपलं मोठं, वर्षाचं. मांडून बसली आणि चिपट्याने मापून एकेकीच्या पदरात खडेमीठ घालायला लागली.

सोनूबाई म्हणाली, "अगं बया! मीठ कुठं लुटत्यात का?"

"मी लुटते."

"अन् घरात काय ठेवलं?"

"काईच न्हाई. पाडव्यापस्तोर आमच्या चुलीवर मिठाचा खडा न्हाई. दुर्गाबाईला डॉक्टरनं अळणी सांगितलं, मंग आमी सगळेच अळणी. एकच पातेलं. घे, पदर नीट धर, तुला दोन मापं."

"मला दोन काहून?"

"तू रोज येतीस विस्तवाला. आता आमच्या घराचं मीठ समद्या आळीनं खाल्लं. आमच्या घरचं कुणाला काही बोलायचं आसंल, तर मिठाला जागून बोला."

मग खैरुनबी हसली, "सोनूबाई, अब तो फँस गई तू!" आणि सगळा ओटा हसला. सोनूबाईसुद्धा हसली, पदर सांभाळत.

दुर्गा आत भिंतीशी बसली होती. मडकं उपडं करून मामी आत आली, तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आता टाक बघू माझं मीठ. हायच न्हाई तर टाकशील काय?"

त्या संध्याकाळी एकाच पातेल्यातली अळणी भाजी आम्ही तिघे जेवलो. दुर्गा म्हणाली, "वैनी, भाजीला चवच न्हाई." मामी म्हणाली, "माझ्या भाजीला कवाच चव नव्हती, मीठ झाकून घेत व्हतं." मी अजून घास घशाखाली लोटतोच आहे, पण लोटतो. मीठ घरात आणायचं नाही आणि कुणाकडून मागायचंही नाही, अशी माझ्यावर मामीची सक्त पहारेदारी आहे. परवा लालमियाँने मला एक खारा शेंगदाणा देऊ केला, तर तीच ओसरीवरून ओरडली.

आता सूज हलेल. मी सांगतो म्हणून हलेल.

रामराव


हैदराबाद
५ फेब्रुवारी १९४५

तीर्थस्वरूप मामा,

तुमचं पत्र मी वॉर्डात मोठ्या डॉक्टरांना उर्दूत करून सांगितलं. मिठाच्या वाणापाशी ते मला थांबवून म्हणाले, "तुझ्या मामींना सांग, पथ्याचं प्रकरण त्यांनी लिहावं."

बाई डॉक्टरांचं पत्रही आलं. लालमियाँ सांगतो की मायच्या वहाणा आता पायातून निघून जातात. हे ऐकून त्यांनी औषध अर्ध्यावर आणलं आहे.

मामा, तुम्हाला खोटी आशा देणार नाही. आखडलेली झडप औषधाने मोकळी होत नाही. ती तशीच राहणार. पण ओझं कमी राहिलं तर थकलेलं हृदय बरीच वर्षं चालतं. असे रोगी मी स्वतः पाहिले आहेत. पुस्तिकेतलं "वर्ष-दोन वर्षं" हे वाक्य मी खोडलं नाही. "उपाय न झाल्यास" या शब्दांखाली मात्र जाड रेघ ओढली.

रजा मंजूर झाली. बावीस तारखेच्या गाडीने निघतो. तोवर मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे. पाय उतरले हे चांगलं, पण खरी परीक्षा ती नाही. ती आडवी झोपू शकते का? पाठ अंथरुणाला लावून? एवढंच कळवा. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

धर्मराज


पिंपळगाव रेणुकाई
फाल्गुन शुद्ध ३

चिरंजीव धर्मराज यास आशीर्वाद.

कालपर्यंत लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून थांबलो होतो. आज आहे.

सकाळी मी नेहमीच्या वेळी उठलो. सवयीने कणगीकडे पाहिलं. श्रावणापासून रोज पहाटे तिथे एक पाठ टेकलेली असते. आज तिथे कुणी नव्हतं.

दुर्गा खाली होती. अंथरुणावर उताणी, सरळ, पाय लांब केलेले, दोन्ही हात पोटावर. तोंडावरची सूज जाऊन गाल आत गेलेले. लहानपणी होती तशी दिसत होती, आणि हलत नव्हती.

धर्मा, जन्मभर पोरांना शोककाव्यं शिकवली. एकही ओळ आली नाही. तुझे सगळे शब्द, मी निवडलेले, मामीने पास केलेले, त्यांतला एकसुद्धा तोंडात येईना. वाकून छातीशी कान न्यावा एवढंही सुचलं नाही. तिथेच गुडघ्यांवर बसलो आणि ओरडलो, "दुर्गे!" मामी चुलीपुढून फुंकणी घेऊन धावत आली. शेजारचा पुंजाराम कुंपणावरून डोकावला.

दुर्गाने एक डोळा उघडला.

"काय रं दादा, वरडतोस काहून? किती दिसांनी आडवी झाले. झोपू दे की."

आणि कुशीवर वळून झोपली.

रामराव